उत्तर राहून गेले

उतारवयात परदेशी जाण्याचा योग येतो तो बहुधा मुलांच्या बिऱ्हाडाची व्यवस्था पाहण्याच्या निमित्ताने. आमचाही तसाच आला. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावी, चिरंजीवांकडे तीन-साडेतीन महिने राहायला गेलो. या गावाच्या आसपास संगणकाच्या चिप बनविणारे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या कृपेने तिथे आपली मराठी मंडळीही पुष्कळ आहेत. संध्याकाळी बागेत फिरायला गेले की एखादे आजोबा कानटोपी घालून बाकावर बसलेले दिसतात, आणि पाच मिनिटांत बोलणे डोंबिवलीच्या लोकलवर येऊन ठेपते.

सौभाग्यवतींचा दिवस नातवात आणि स्वयंपाकघरात मजेत जाई. हाल होते ते माझे. वर्तमानपत्र नाही, भाजी आणायला जायचे नाही, बँकेत पासबुक भरायचे नाही. अशा निरुद्योगी माणसाने जे करू नये तेच मी करू लागलो, म्हणजे मुलाच्या खोलीत डोकावू लागलो.

चिरंजीवांना तबकड्यांचा नाद आहे. ज्या तबकड्या आम्ही १९९० च्या सुमारास जागा अडते म्हणून रद्दीवाल्याच्या हवाली केल्या, तशाच तबकड्या आता हा पोरगा डॉलर मोजून घेतो आणि कापडाने पुसून कपाटात उभ्या लावून ठेवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे एक चौकोनी खोका आला. आतून दोन तबकड्या निघाल्या आणि चाळीस पानांचे एक पुस्तक. मुखपृष्ठावर एका जोडप्याचा जुना, रंग उतरलेला फोटो होता.

“हे गाणारे का?” मी विचारले.

“नाही बाबा. ही त्याची आई आणि हा सावत्र बाप. आईचं नाव कॅरी, बापाचं लोवेल. म्हणून तबकडीचं नाव ‘कॅरी अँड लोवेल’. २०१५ साली पहिल्यांदा निघाली. दहा वर्षं झाली म्हणून ही नवी आवृत्ती.”

“आणि हे कसलं संगीत?”

“इंडी रॉक म्हणतात. हे थोडं लोकगीतांच्या अंगानं जातं.”

‘रॉक’ म्हटल्यावर माझा हात आपोआप कानाकडे गेला. आमच्या चाळीत गणपतीत जे काही वाजे त्यावरून माझी या शब्दाबद्दलची कल्पना तयार झालेली होती. मुलगा हसला. म्हणाला, “ह्यात ढोल-ताशे नाहीत. बसा दोन मिनिटं.”

मी दोन मिनिटांसाठी बसलो तो पाऊण तासाने उठलो. अकरा गाणी होती. एक गिटार, मागे कुठे पियानोचे किंवा दुसऱ्या एखाद्या वाद्याचे पुसटसे सूर, आणि एका पुरुषाचा अगदी हलका आवाज. हा माणूस गातो म्हणण्यापेक्षा शेजारच्या खोलीत झोपलेल्या कुणाची झोप मोडू नये अशा बेताने बोलतो म्हणावे. कित्येक ठिकाणी तो स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा दुसरा आवाज चढवितो, त्यामुळे एक माणूस आपल्याच मनाशी बोलत बसल्यासारखे वाटते. भावगीतांवर वाढलेल्या माझ्या कानाला यात परके असे फारसे काही वाटले नाही. शब्द मात्र नीट कळेनात. मग मुलाने छापील गाणी हातात दिली, चष्मा पुसला आणि मी वाचू लागलो.

या गायकाचे नाव सुफ्यान स्टीव्हन्स. नावावरून गृहस्थ मुसलमान असावेत असे मला वाटले. तसे नाही, ते ख्रिस्ती आहेत. आईबाप त्या काळी इंडोनेशियात जन्मलेल्या ‘सुबुद’ नावाच्या एका पंथात होते आणि त्या पंथाच्या संस्थापकाने हे नाव ठेवले. जन्म १९७५ चा, डेट्रॉइट शहरातला. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लाडके रूप. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता लहानशा कंपनीतर्फे आपल्या मनाप्रमाणे गाणी काढणारी ही मंडळी. याची स्वतःचीच कंपनी आहे. तिचे नाव ‘अस्थमॅटिक किटी’, म्हणजे दमेकरी मांजर! आपल्याकडे दुकान काढताना गणेश किंवा लक्ष्मी आठवते. यांना दम्याने धापा टाकणारे मांजर आठवले. पण या मांजराची हकिगत गमतीची तशी हृद्यही आहे. ही कंपनी १९९९ मध्ये त्याने ज्याच्याबरोबर काढली तो भागीदार म्हणजे मुखपृष्ठावरचा लोवेल, त्याचा सावत्र बाप.

हकिगत अशी. सुफ्यान वर्षाचा असताना त्याची आई मुलांना नवऱ्यापाशी ठेवून निघून गेली. ती मनाने आजारी होती आणि व्यसनांतही सापडलेली होती. १९८० साली तिने लोवेलशी लग्न केले आणि ती दोघे ऑरेगनमध्ये युजीन गावी राहू लागली. त्या काळात तीन उन्हाळे मुले तिच्याकडे राहायला आली. तेव्हा हा पाच ते आठ वर्षांचा. पाच-एक वर्षांत तेही लग्न मोडले. आई पुन्हा दूर गेली. लोवेलने मात्र मुलांशी नाते तोडले नाही. पुढे मुलगा नामांकित गायक झाला. मिशिगन आणि इलिनॉय या दोन राज्यांवर त्याने पन्नास वाद्यांचा थाट असलेली गाणी रचली असे म्हटले तरी चालेल. आई अधूनमधून भेटे, मधूनच नाहीशी होई. डिसेंबर २०१२ मध्ये पोटाच्या कर्करोगाने ती गेली. शेवटी इस्पितळात मायलेकरांची गाठ पडली, पण तीस-पस्तीस वर्षांचे बोलणे अतिदक्षता विभागातल्या खाटेपाशी कसे उरकणार? ते जे उरले, त्याची ही अकरा गाणी. त्यांतले एक तर त्याने ऑरेगनमधल्याच एका हॉटेलच्या खोलीत आयफोनवर ध्वनिमुद्रित केलेले आहे. वाद्यांचा थाट सगळा गेला. माणूस दुःखात असला की त्याच्या घरी पाटावर रांगोळी नसते, तसे.

आपल्याकडे आई म्हटले की साने गुरुजींची ‘श्यामची आई’ डोळ्यांपुढे उभी राहते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक वाचून ज्याचे डोळे ओले झाले नाहीत असे मराठी घर विरळा. श्यामला आठवायला आईचा केवढा ठेवा होता! इथे उलट आहे. या मुलाजवळ तीन उन्हाळ्यांचे काही तुकडे आहेत. युजीनमध्ये पोहायला शिकविणाऱ्याला त्याचे विचित्र नाव उच्चारता येत नसे, म्हणून तो त्याला मोटारीच्या नावाने ‘सुबारू’ अशी हाक मारी, असल्या बारीकसारीक आठवणी. एवढ्या चिल्लर नाण्यांवर हा माणूस आईचे देणे फेडायला बसलेला आहे. आणि गंमत अशी, की सोडून गेली ती आई. पण हिशेब चुकला म्हणून स्वतःला बोल लावतो तो मुलगा.

मराठीत या जातीच्या दुःखाला किती शब्द आहेत! गाडी चुकली की चुटपुट लागते. शेजारी वाईट घडले की आपण हळहळतो. मुलाने शिक्षण अर्धवट सोडले याची बापाला खंत असते. पाप घडले की पश्चात्ताप होतो, आणि पश्चात्तापाला निदान प्रायश्चित्त तरी सांगितलेले आहे. पण रुखरुख निराळी. पायात काट्याचे टोक मोडून आत राहावे, एरवी चालताना ते जाणवूही नये, आणि एखाद्या खड्यावर नेमका पाय पडला की कळ मस्तकात जावी, तशी ती असते. जे केले त्याचा पश्चात्ताप होतो. जे करायचे राहून गेले त्याची रुखरुख लागते. ही तबकडी रुखरुखीची आहे.

दुसरे गाणे लागले. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, की मला आधीच उमजायला हवे होते. मनातले मनातच दाबून ठेवले, आईला एक पत्र लिहायला हवे होते ते लिहिले नाही, अशी त्यातली सल आहे. गाणे अर्ध्यावर येते आणि चाल बदलून जरा उजळते. भावाच्या घरी जन्मलेल्या मुलीचा उल्लेख येतो. मुलगा मला ती खुबी समजावून सांगत होता. माझे लक्ष नव्हते. माझा पाय खड्यावर पडला होता.

माझ्या ठाण्याच्या घरी कपाटात, जुन्या डायऱ्यांच्या चवडीत, एक निळे इनलँड आहे. ते माझ्या थोरल्या भावाचे. आमचे गाव चिपळूणपासून आत, खाडीच्या अंगाला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील अकाली गेले तेव्हा तो नुकता मॅट्रिक झालेला होता. त्याने पुढचे शिक्षण सोडले आणि गावच्याच शाळेत कारकून म्हणून चिकटला. त्याच्या पगारावर मी मुंबईला शिकलो, बँकेत लागलो, ठाण्याला घर केले. दादा गावीच राहिला. घर, पाच-पंचवीस कलमे, एक गाय आणि गणपती हे सगळे त्यानेच सांभाळले.

२००९ सालच्या श्रावणात त्याचे पत्र आले. घरी फोन होता, पण दादाला फोनवर बोलणे साधत नसे. तो नुसता ‘हं, हं’ करी आणि वहिनींच्या हाती रिसीव्हर देई. महत्त्वाचे काही असले की इनलँडच यायचे. पाच-सहा ओळी होत्या. पाऊस बरा आहे, गाय व्याली, वहिनींचे गुडघे दुखतात. आणि शेवटी, ‘गणपतीआधी चार दिवस सवड काढून ये. काम काही नाही. नुसता ये.’

‘काम काही नाही’ या शब्दांनीच घात केला. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाने असे वाक्य वाचले की काम नक्की आहे अशी त्याची खात्री पटते. आदल्या वर्षी कौले चाळायला आणि वासे बदलायला दादाने पैसे मागितले होते. मी पाठविले; पण पैशांबरोबर दोन शब्दही पाठविले, जे पाठवायला नको होते. तेव्हा आता पुन्हा घराचे काहीतरी निघाले असणार, किंवा वाटणीचे असणार, असा मी तर्क केला. ऑडिट चालू होते हेही खरे. उत्तर आज लिहू, रविवारी लिहू असे करता करता गणपती आले आणि गेले. त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. दिवाळी झाली. २०१० च्या फेब्रुवारीत एका पहाटे वहिनींचा फोन आला. दादा झोपेतच गेला होता.

त्यानंतर पंधरा वर्षे मी एक चित्र मनात बाळगून आहे. दादा पडवीत खांबाला टेकून बसला आहे. पोस्टमन वाटेने येतो, मान हलवितो, पुढे जातो. दादा उठतो, आत जातो. रोज हेच. कुणाला ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती, सौभाग्यवतींनाही नाही. वहिनींना विचारण्याची तर हिंमतच झाली नाही. गावी दरसाल जात असे, दोन दिवस राहत असे, त्यांच्या औषधपाण्याची चौकशी करत असे आणि तो एक प्रश्न तेवढा गिळून परत येत असे.

त्या दिवसापासून ती तबकडी मी रोज ऐकू लागलो. सूनबाई सौभाग्यवतींना म्हणाली, “आई, बाबांना हे काय लागलंय?” सौभाग्यवती म्हणाल्या, “लागू दे. टीव्हीपेक्षा बरं.”

जुलै उजाडला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन चार तारखेला. रात्री लांब कुठेतरी शोभेचे दारूकाम चालले होते. आकाश लाल-हिरवे होत होते आणि आमचा नातू प्रत्येक बाराला टाळ्या पिटत होता. आपल्या दिवाळीचीच आठवण यावी असा थाट. त्या तबकडीत ‘फोर्थ ऑफ जुलै’ याच नावाचे एक गाणे आहे. पण त्यात बारही नाही आणि जल्लोषही नाही. मरणाऱ्या आईचे आणि तिच्या मुलाचे ते संभाषण आहे. आई त्याला तऱ्हेतऱ्हेच्या लाडक्या नावांनी हाक मारते, त्याची विचारपूस करते, समजूत घालते. ऐकताना गळा दाटून येतो. त्या रात्री मात्र मनात आले, की ही आई खरोखर असे कधी बोलली असेल का? हे सगळे बोलणे मुलाचे आहे. आईच्या तोंडी त्याने ते घातले आहे, कारण तिच्या तोंडून ते ऐकायचे राहून गेले.

याच गाण्यात ‘तिलामुक बर्न’चा, म्हणजे तिलामुकच्या वणव्याचा, उल्लेख येतो. एका रविवारी समुद्रावर जाताना मुलाने मोटार मुद्दाम त्या जंगलातून नेली. दोन्ही अंगांनी उंच, काळसर हिरवी झाडे, खाली नदी, आणि रस्त्यावर भर दुपारी तिन्हीसांजेसारखी सावली. मी म्हटले, “इथे जळलेलं काहीच दिसत नाही.” तेव्हा मुलाने सांगितले. १९३३ साली इथे भयंकर वणवा लागला. मग १९३९ साली पुन्हा, १९४५ साली पुन्हा, १९५१ साली पुन्हा. दर सहा वर्षांनी जणू ठरल्यासारखा. एकंदर साडेतीन लाख एकरांवर जंगलाची राख झाली. १९४९ पासून माणसांनी पुन्हा लावणी सुरू केली. शाळेतली मुलेसुद्धा बसगाड्यांतून रोपे लावायला येत. चोवीस वर्षांत सात कोटींवर रोपे हातांनी लावली गेली. आज आम्ही ज्या सावलीतून चाललो होतो ती सावली त्या पोरांनी लावलेली होती.

युजीनलाही एकदा गेलो. पोर्टलंडहून दक्षिणेला पावणेदोनशे किलोमीटर. विलामेट नदीच्या काठचे टुमदार गाव, सायकलवरून जाणारी तरुण मुले, आणि गावाच्या दक्षिणेला स्पेन्सर ब्यूट नावाची डोंगरी. तिचेही नाव या तबकडीतल्या एका गाण्यात येते. मुलगा आणि सूनबाई वर चढून गेली; मी खाली वाहनतळावर बसून राहिलो. त्या गावात एक मूल तीन उन्हाळे आईच्या अवतीभवती नाचले होते, याची कसलीच खूण कुठे नव्हती. असायचे कारणही नव्हते. पण मी आपला शोधत होतो.

परतीच्या वाटेवर मुलाने एक बातमी सांगितली. “बाबा, तुम्ही त्या पुस्तकाच्या शेवटचं वाचलंत का? आणि त्याची मुलाखत? ही तबकडी आता त्यालाच नको झालीय. लाज वाटते म्हणतो.”

मला राग आला. जगभरच्या लोकांना रडविलेस, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हिल्सबरोत एका जागी बसविलेस, आणि आता म्हणतोस लाज वाटते! घरी आल्यावर मी मुलाकडून सगळे वाचून घेतले. २०२५ साली, दहा वर्षांनी मागे वळून पाहताना, त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. ही तबकडी म्हणजे आपले अपयश आहे. आईच्या आयुष्यावर किंवा मृत्यूवर बोलण्याचा आपल्याला काही अधिकार नव्हता. आपल्याजवळ होती ती नुसती कल्पना, तर्क आणि स्वतःचे दुःख. ज्याला अर्थ नाही त्याला गाण्यात बसवून अर्थ देण्याची आपली खटपट फसली, आणि त्या खटपटीत आपण स्वतःभोवतीच फिरत राहिलो.

त्या रात्री मला झोप आली नाही. आधी वाटले, माणूस स्वतःवर फार कठोर आहे. गाणी फसलेली नाहीत. माझ्यापुरती तर मुळीच नाहीत. पण त्याने जे म्हटले होते ते मला लागू पडत होते. पडवीतल्या खांबाला टेकून बसलेला दादा मी पंधरा वर्षे पाहत होतो. पण ते चित्र काढले कुणी? मीच. दादाच्या तोंडावरचा तो केविलवाणा भाव मीच रंगविलेला. पोस्टमनला मान हलवायला मीच लावले. आणि खरे सांगायचे तर त्या चित्राची मला एक प्रकारची गोडीही लागली होती. रात्री अंथरुणावर पडून ते काढून पाहावे, डोळे ओले करावे आणि आपण फार काही पाषाणहृदयी नाही असे समाधान मानून कूस बदलावी. त्या चित्रात दादापेक्षा मीच जास्त होतो. दादाने मला का बोलाविले होते, हा साधा प्रश्न ज्यांना उत्तर ठाऊक होते त्यांना मी विचारला नाही, तो दादावरच्या मायेपोटी नव्हे. उत्तर काय येईल याची मला भीती होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही परत आलो. आठ दिवसांनी मी एकटाच गावी गेलो. पितृपंधरवडा चालू होता. वहिनी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. कानांनी थोड्या कमी ऐकतात, पण बोलणे अजून खणखणीत आहे. दुपारी पडवीत त्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी खिशातून ते इनलँड काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

“वहिनी, एक विचारू?”

“विचारा की. एवढे घाम कसले पुसताय?”

मी सगळे सांगितले. पत्र आले ते, माझ्या मनात काय आले ते, उत्तर राहून गेले ते. त्यांनी शेंगांचे ताट बाजूला ठेवले, चष्मा लावला आणि पत्र दोनदा वाचले.

“अक्षर मात्र शेवटपर्यंत चांगलं होतं हो ह्यांचं,” त्या म्हणाल्या.

“दादानं वाट पाहिली का, वहिनी?”

“पाहिली तर. खोटं कशाला सांगू? आठ-दहा दिवस पोस्टमन दिसला की विचारायचे. जरा चिडलेही. म्हणाले, धाकटा आता साहेब झाला. मग गणपती आले, घरात माणसांची ही गर्दी, त्यात विसरले.”

“पुन्हा कधी काढलं नाही?”

“दिवाळीत एकदा काढलं होतं. म्हणाले, येईल उन्हाळ्यात. आंबे कुठे सोडतोय तो!”

मी गप्प बसलो. फेब्रुवारी आणि उन्हाळा यांच्यात फारसे अंतर नसते.

“पण वहिनी, त्याचं काम काय होतं? घराचं होतं का?”

“घराचं कसलं? पेटीचं.”

“पेटी?”

“वाजवायची पेटी हो, भाऊजी. साठी झाल्यावर ह्यांनी पेटी शिकायला घेतली. भजनी मंडळातल्या बुवांकडून. रोज संध्याकाळी पडवीत नुसतं सा-रे-ग-म. गाय दूध चोरायला लागली. गावात कुणापुढे वाजवायची ह्यांना लाज वाटे, आणि मी तर आधीच कावलेली. म्हणाले, त्याला ऐकवतो, त्याला गाण्यातलं कळतं.”

माझ्या दादाला आरतीत टाळसुद्धा तालावर वाजविता येत नसे. लहानपणी आम्ही त्याच्या हातातून टाळ काढून घेत असू. ज्या दादाबद्दल मी पंधरा वर्षे हळहळत होतो तो टाळ चुकविणारा दादा होता. साठीनंतर पडवीत बसून नेटाने सूर शोधणारा हा दुसरा दादा मला ठाऊकच नव्हता. आणि तो मला ठाऊक व्हावा म्हणूनच त्याने बोलाविले होते.

“बरी वाजवायचा का?” मी विचारले.

“छे! काळी पट्टी आली की अडखळायचे. पण हौस फार.” वहिनी हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. मग त्यांनी पत्राच्या घड्या जशा होत्या तशाच घातल्या, पण मला परत दिले नाही. आपल्या पिशवीत ठेवले. “हे राहू दे माझ्याजवळ. तुम्ही पुष्कळ दिवस सांभाळलंत.”

“पेटी कुठे आहे?”

“देवळात देऊन टाकली. गुरुवारी भजन असतं. त्यात वाजते. पण तुम्ही उद्याच निघणार असाल. तुमचं नेहमीचंच आहे, दोन दिवस की चालले.”

तो सोमवार होता. मी ठाण्याला फोन केला आणि गुरुवारपर्यंत राहिलो. तीन दिवस वहिनी दादाच्या गोष्टी सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. त्यांतल्या काही ऐकून वाईट वाटले, बऱ्याच ऐकून हसू आले. एका गोष्टीत तर चूक सरळसरळ दादाचीच होती, आणि ते कळल्यावर मला फार बरे वाटले, कारण जिवंत माणसेच चुकतात.

गुरुवारी रात्री देवळात गेलो. पंधरा-वीस माणसे जमली होती. पेटीचा भाता एका अंगाने ठिगळ लावून शिवलेला होता. समोर दहा-बारा वर्षांचा एक शाळकरी मुलगा वाजवायला बसला होता. मी खांबाला टेकून बसलो आणि डोळे मिटून ऐकू लागलो. काळी पट्टी आली की तोही अडखळत होता.